मुलुंडच्या नाक्यापर्यंतचा व्हिसा

कान्हेरीच्या लेण्यांवर मागे लिहिलं तेव्हा एका वाचिकेने विचारलं, "ताई, तुम्ही तिथे पहिल्यांदा कधी गेलात?" खरं सांगायचं तर पोलीस बंदोबस्तात. बंदोबस्त एकाच पोलिसाचा होता आणि त्याला चढावर दम लागत होता.

ऐंशीचं दशक संपत आलं होतं. अंधेरीच्या एका हॉलमध्ये भारत आणि पाकिस्तानातल्या काही आमदारांची आणि वकिलांची बैठक भरली होती. मी तिथे टायपिस्ट, आणि गरज पडली तर दुभाषी. दोन्ही सरकारांना द्यायचा एक मसुदा तयार करायचा होता. बॉम्ब लावणाऱ्यांची माहिती दोन्हीकडच्या पोलिसांनी एकमेकांना द्यावी, यावर पहिला चहा यायच्या आत एकमत झालं. पण त्याबरोबर साध्या प्रवाशामागचा पोलिसांचा ससेमिरा थांबवावा, हे कलम आलं आणि सगळे अडले. साधा प्रवासी म्हणजे कोण? शनिवारची संध्याकाळ झाली तरी उत्तर नाही. शेवटी अध्यक्षांनी रविवारची सुट्टी जाहीर केली.

पाहुण्यांमध्ये कराचीच्या निलोफरबाजी, म्हणजे निलोफरताई, होत्या. पेशाने वकील, प्रांताच्या विधानसभेवर निवडून आलेल्या. आईचं माहेर रत्नागिरीकडचं, त्यामुळे घरी कोकणी चालायची. मला म्हणाल्या, "मला दोन गोष्टी करायच्यात. कान्हेरी बघायची आणि खालाला भेटायचं."

खाला म्हणजे त्यांच्या आईची धाकटी बहीण, हमीदाबी. राहायला मुंब्र्याला. पंचाईत इथेच होती. बाजींचा व्हिसा फक्त मुंबईचा आणि मुंब्रा मुंबईबाहेर. मग निरोपानिरोपी होऊन ठरलं की खालाने टॅक्सीने मुलुंडच्या चेकनाक्यावर यायचं. मुंबईची हद्द तिथे संपते.

रविवारी सकाळी आम्ही टॅक्सीत बसतोय, तोच समोरच्या पानवाल्याकडचा एक गृहस्थ वर्तमानपत्राची घडी करत धावत आला.

"ताई, गाडीत जागा आहे काय?"

"आपण कोण?"

"मी तुमच्या मागावर आहे," तो खालच्या आवाजात म्हणाला. "सावंत. साध्या वेशात आहे. तुमच्या मागून टॅक्सी केली तर साहेब बिल पास करत नाय."

बाजी हसत सुटल्या आणि सरकून बसल्या. "या, सावंतसाहेब. मागे राहण्यापेक्षा शेजारी बरे."

कान्हेरीसाठी बोरिवलीला लवकर पोहोचा, हा सल्ला तेव्हाही खरा होता आणि आजही आहे. ऊन चढलं की तिथला काळा दगड तापतो. आत गुहेत मात्र कोरलेल्या बाकावर बसलात तर उठावंसं वाटत नाही. पाणी बरोबर न्या, आणि खायचं काही हातात धरू नका. सावंतांच्या हातातली केळी पहिल्याच वळणावर माकडाने नेली. ते दहा पायऱ्यांवर एकदा बसत आणि आम्ही त्यांच्यासाठी थांबत होतो. एकदा बाजी बऱ्याच वर गेल्या, तर खालून कळवळून आवाज आला, "म्याडम, जरा दिसतील अशा उभ्या ऱ्हावा!" बाजी आज्ञाधारकपणे उभ्या राहिल्या. वर त्यांनी आपली पाण्याची बाटली पुढे केली. सावंतांनी आधी ड्युटीवर चालत नाही म्हणून मान हलवली, मग जवळजवळ सगळी संपवली.

उतरल्यावर टॅक्सीवाला म्हणाला, घोडबंदरवरून घेतो, सरळ ठाणे आणि खाली मुलुंड, झकास रस्ता आहे. पेंगणारे सावंत ताडकन जागे झाले. "वाट लागंल! दहिसरच्या नाक्यापुढे मुंबई संपते. म्याडम बेकायदा, आणि मी घरी!" मग काय, मागे फिरून पुन्हा अंधेरी, तिथून साकीनाका, आणि घाटकोपर. मी या शहरात जन्मले, पण माझं शहर कुठे सुरू होतं नि कुठे संपतं, हे कराचीच्या बाईमुळे कळलं.

घाटकोपरला आमच्याच घरी जेवायला थांबलो. आईने बांगड्याचं तिखलं केलं होतं. तिने सावंतांना नीट न्याहाळलं आणि विचारलं, "तुम्ही यांच्याबरोबर आहात की यांच्यावर?"

"दोन्ही, काकू. आधी भात वाढा."

तिखल्यात त्रिफळं कमी पडली, यावर बाजी आणि सावंत यांचं लगेच एकमत झालं. मसुद्यावर एवढ्या पटकन कुणाचं झालं नव्हतं. आई मात्र दोघांवरही रुसली.

भांडुप मागे टाकून मुलुंडच्या नाक्याला पोहोचलो. जकातीसाठी ट्रकांची लांबच लांब रांग, डिझेलचा धूर, उसाच्या गुऱ्हाळाची घुंगरं. पलीकडे, ठाण्याच्या बाजूला, एक काळी-पिवळी उभी होती. मागच्या सीटवर पांढऱ्या ओढणीतली म्हातारी ताठ बसलेली. बाजींनी हात हलवला. म्हातारीने हलवला नाही.

मी पलीकडे गेले. "खाला, चला ना, बाजी वाट बघतायत."

"मी नाय उतरायची," हमीदाबी म्हणाली. "तिची आई पाकिस्तानात गेली. मी नाय गेली. बहिणीने चाळीस वर्षांत तोंड दाखवलं नाय. आमची आई मेली तेव्हा पण आली नाय. आता पोर आलीय ना? तिनेच चार पावलं यावं."

मी परत येऊन सांगितलं. बाजी निघाल्याच. सावंत हात पसरून आडवे झाले. "म्याडम, पाया पडतो. चार पावलांचा सवाल नाय, माझ्या नोकरीचा हाय."

मग ते स्वतःच पलीकडे, ठाण्याच्या हद्दीतल्या हवालदाराशी बोलायला गेले. पाच मिनिटं बाईंना इकडे येऊ दे, आपण दोघं उभे राहू, असं काहीतरी. हवालदार म्हणाला, "त्या इकडे आल्या की मला वर कळवावं लागणार. कळवलं की साहेब मलाच विचारणार, तू बघत काय होतास? तुमची पाहुणी तुमच्याकडेच ठेवा, भाऊ." दोन देशांचे आमदार परवडले, दोन पोलीस ठाण्यांचं काही जमेना.

सावंत घाम पुसत टॅक्सीच्या खिडकीशी गेले. मीही मागोमाग गेले. "आजी, ऐका. ती आली ना इकडे, तर मला तिला आत घालावं लागंल."

"आत? कुठे आत?"

"लॉकअपमध्ये. तिच्या कागदावर मुंबईच लिवलीय. ती येत नाय असं नाय. तिला येता येत नाय."

हमीदाबीने डोक्यावरची ओढणी सारखी केली. मग दार उघडलं. गुडघ्यांवर हात टेकत उतरली. मी आधार द्यायला गेले तर माझा हात झटकला. ट्रकांच्या मधून ती चालत निघाली तेव्हा एका सरदारजीने इंजिन बंद केलं. बाजींसमोर उभी राहून तिने त्यांची हनुवटी धरली आणि चेहरा उजेडाकडे वळवला.

"तिच्यावरच गेलीयस," ती म्हणाली. मग हळूच, "तुझ्या आईला पण असंच कोणी अडवलं होतं काय गं?"

"दरवर्षी अर्ज करायची, खाला. दरवर्षी नाही म्हणायचे. तुम्हाला पत्रात लिहायची लाज वाटायची तिला."

म्हातारी तिथेच, जकातनाक्याच्या कट्ट्यावर बसली आणि मोठ्याने रडली. सावंतांनी आमच्याकडे पाठ केली. मला म्हणाले, "मी जरा ट्रकांचे नंबर बघतो," आणि ऊन उतरेपर्यंत बघत राहिले. मधे दोनदा आमच्यासाठी उसाचा रस घेऊन आले, आणि दोन्ही वेळा खालाच्या शिव्या खाल्ल्या.

परतताना मी विचारलं, "रिपोर्टात काय लिहिणार?"

"पाहुणीला नातेवाईक भेटली, असं. काय बोलल्या ते मला सगळं कळलं, आमच्या गावचीच भाषा. पण ते घरगुती होतं. साहेबाला कशाला?"

सोमवारी बाजी बैठकीत उभ्या राहिल्या. "साधा प्रवासी म्हणजे ज्याची पलीकडे कोणीतरी वाट बघतंय." आमचे एक आमदार म्हणाले, "बाई, बॉम्बवाल्याचीही कोणी वाट बघत असेल." हशा झाला, पण मुद्दा खरा होता. दुपारपर्यंत रस्सीखेच चालली. शेवटी कलम असं झालं: भेटायच्या नातेवाइकाचा पत्ता आधी द्यावा, दोन्ही देशांनी तो मिळून तपासावा, आणि एकदा तपासला की भेटीच्या आड हद्द किंवा पोलीस येऊ नये. मी ते टाईप केलं. सगळ्यांनी सह्या केल्या. पुढे दोन्ही सरकारांनी ते कुठल्या कपाटात ठेवलं, मला माहीत नाही.

मुलुंडचा तो जकातनाका आता उठला. गाडी ब्रेक न मारता ठाण्यात जाते, आणि कान्हेरी करून संध्याकाळी घोडबंदरने परत या, असं मी खुशाल सुचवू शकते.

त्या सोमवारी घरी पोहोचले आणि आईला सगळं सांगितलं. ती तांदूळ निवडत होती. ताट बाजूला ठेवून शेजारच्यांकडे गेली आणि दापोलीला आपल्या बहिणीला ट्रंककॉल बुक केला. कॉल लागला तेव्हा तिकडे मावशी घाबरून ओरडत होती, काय झालं, कोण गेलं?

"काही नाही गं," आई म्हणाली. "लावता येतो, म्हणून लावला."