तिन्हीसांजेची चिलटं

बायडाबाई मूळची आमच्या कळवणकडची. तिन्हीसांजेला कुणी निजलेलं तिला खपत नाय. दिवे लागायच्या टायमाला माणूस आडवा दिसला, की तिचा धपाटा पडलाच पाठीत. "ऊठ! लक्ष्मी दारात उभी, अन् तू घोरतो?" गावातला सावळीरामबाबा वारला तेव्हा मयताला पोचायला तिला संध्याकाळ झाली. तिनं मयतालाबी हलवून पाह्यलं. न उठलेला तो एकलाच.

पोरगा नाशिक रोडला राहायला आला, तशी ती एका कॉलेजात झाडूफरशीला लागली. तिथं हर्षाली म्याडमची अंधारी खोली. केळ्यावर घोंगावतात ती चिलटं, बोटाएवढ्या काचनळ्यांत एकेक कोंडलेली. चिलट हाललं की कॉम्प्युटरवर टिंब उठायचं. चिलटांना दिसत नाय असा लाल दिवा तेवढा मिणमिणायचा. बाहेरचा दिवस-रात्र कळत नसताना चिलटं कधी निजतात, कधी उठतात, याचं गणित म्याडम बसवत होत्या. गणित म्हणे, चिलटाचं घड्याळ त्याच्या पोटातच, ते रोज जरासं सरकणार. पण चिलटं सरकायचं नावच घेईनात. रोज तिन्हीसांजेलाच खडबडून उठायची. दिवाळीपुढं दिवस लहान झाला, तशी लवकर उठायला लागली! बंद खोलीत सूर्य बुडाल्याचं यांना सांगतंय कोण? म्याडम आधी नवा शोध लागला म्हणून नाचल्या, मग येड्या व्हायच्या तेवढ्या राहिल्या.

एका संध्याकाळी त्या कपाटामागं दबा धरून बसल्या. बायडाबाई आली, अन् झाडूच्या मुठीनं नळ्यांवर टकटक केली. "उठा गं बायांनो, दिवे लागले."

"मावशी!"

बायडाबाई दचकली नाय. "तुमीबी तिथं निजल्या व्हत्या का?"

म्याडमनं कपाळ बडवून घेतलं. "पुन्हा एकदा यांना उठवलंत, तर दुसऱ्या दिवसापासून कामावर येऊ नका."

बायडाबाईला काम सोडायचं नव्हतं. सुनेसमोर दिवसभर बसण्यापरीस फरशी बरी. पण करणार काय? "म्याडम, हात माझा ऐकत नाय. निजलेलं एक कुणीतरी उठवलं, की मंग तो गप बसतो."

म्याडमनं तोड काढली. किशोर वॉचमन ड्यूटीवर डुलक्या घेतो म्हणून त्याला नोटीस मिळालेली. त्यालाच हुकूम झाला, रोज संध्याकाळी खोलीबाहेरच्या बाकावर निजायचं.

अन् किशोरची झोप उडाली. पहिल्याच संध्याकाळी तो डोळे मिटून मोठमोठ्यानं घोरला. बायडाबाईनं वाकून बघितलं. "हा निजलेला नाय, नुसता मिटलेला हाय." असं म्हणून निघाली झाडू घेऊन खोलीकडं.

म्याडम दारात आडव्या आल्या. "मावशी, काम जाईल!"

बायडाबाई थांबली. बाहेर दिवस बुडायला आलेला, हात वळवळत होता. ती तशीच मागं फिरली, बाकावर टेकली, किशोरचं डोस्कं मांडीवर ओढलं अन् केसांतून बोटं फिरवायला लागली.

"नीज रे बाबा, नीज पटकन. मला उठवायचंय."

"मावशी, असं म्हणल्यावर झोप कशी येईल?"

"गप मेल्या. येळ चाललीय."

बोटं फिरत राहिली. किशोरचं तोंड उघडं पडलं, मांडीवर लाळ आली. बायडाबाईनं नाकाशी कान नेऊन खात्री केली, अन् असा धपाटा घातला, की गडी बाकावरून खाली.

"ऊठ! लक्ष्मी दारात उभी!"

आत कॉम्प्युटरवर टिंब उठलं नाय. चिलटं गाढ झोपलेली.

काम राहिलं. आता बायडाबाई घरून निघताना पिशवीत खोबरेल तेलाची बाटली टाकते. किशोरला झोप लवकर लागावी म्हणून.