मालनबाईच्या बरणीतला शिरका

मिरजगावाजवळच्या त्या वस्तीवर लोणचं म्हटलं की मालनबाईचं नाव निघायचं. लग्नानंतर कितीतरी हंगाम तिने नवऱ्याबरोबर ऊसतोडीत काढले. तिथल्या पाचटाच्या कोपीतसुद्धा तिची बरणी असायची, आणि टोळीतल्या बाया भाकरीवर खार मागायला यायच्या. पुढे विहिरीला पाणी लागलं, तोडीला जाणं सुटलं, पण तिच्या हाताचं कौतुक काही सुटलं नाही.

मग धाकट्या दिराचं लग्न झालं आणि तिसगावची अश्विनी घरात आली. तिने माहेरच्या पद्धतीने गुळाचा शिरका घातला. गुळाचं पाणी आधी आंबवायचं, मग फडक्याखाली ठेवून आंबट होऊ द्यायचं. त्यात मुरलेल्या मिरच्या सासूबाईंनी, रतनबाईंनी, चाखल्या आणि पाव्हण्यांसमोर म्हणाल्या, "लोनचं खावं तर आमच्या धाकलीच्या हातचं."

मालनबाईचा घास तोंडातच फिरला. त्या दिवसापासून अश्विनीचं हसणंही तिला खुपायला लागलं.

तिने कुणाला न सांगता गोठ्यामागच्या खोलीत आपली बरणी भरली. अश्विनीपेक्षा जहाल शिरका व्हावा म्हणून गूळ दुप्पट घातला. दिवस थंडीचे होते. अश्विनीने नव्याने घातलेली बरणी चुलीजवळ फसफसायची. भाकरी थापताना मालनबाईला तो आवाज ऐकू यायचा. हिची बरणी मात्र गप्प. फेस नाही, बुडबुडा नाही. ती झाकण काढून कान लावायची आणि चिडून आणखी एक ढेकूळ टाकायची.

एका दुपारी सगळे कांदा लावायला रानात गेले होते. मालनबाई पाणी न्यायच्या निमित्ताने घरी आली. चुलीजवळची बरणी फसफसतच होती. मूठभर मीठ पडलं की आंबण मरतं, हे तिला ठाऊक होतं. तिने मिठाच्या डब्यात हात घातला, मूठ भरली आणि बरणीवरचं फडकं बाजूला केलं.

"आक्का, मीठ कशाला?"

रानातून मागोमाग आलेली अश्विनी दारात उभी होती.

मालनबाईने मूठ बरणीवरून मागे घेतली. "दृष्ट... दृष्ट काढत हुते. लई जनांची नजर हाय तुझ्या शिरक्यावर."

अश्विनी तिच्या मुठीकडे बघत राहिली. मग म्हणाली, "मग काढा की."

आता दुसरा इलाज नव्हता. मालनबाईने जावेच्या बरणीवरून मूठ ओवाळली. "आल्या-गेल्याची, घरच्या-दारच्याची," ती पुटपुटली. मीठ तिने चुलीत टाकलं, ते तडतडलं.

"आता तुमच्या बरनीची काढू," अश्विनी म्हणाली. "गोठ्यामागं हाय ना? शेन भरायला गेल्ते तवा दिसली."

दोघी गोठ्यामागच्या खोलीत गेल्या. अश्विनीने त्या बरणीत बोट बुडवून चाटलं आणि तोंड वाकडं केलं. "आक्का, ह्यो तर पाक झालाय. इतक्या गोडात आंबन जीव धरत न्हाई. त्यात खाली गार फरशी."

दोघींनी मिळून निम्मं पाणी दुसऱ्या भांड्यात काढलं, बरणीत कोमट पाणी ओतलं. अश्विनीने आपल्या बरणीतलं फसफसतं पाणी ओगराळंभर आणून त्यात घातलं. बरणी गोधडीत गुंडाळून चुलीच्या दुसऱ्या अंगाला ठेवली. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी कडेला बारीक फेस धरला. मालनबाईला आनंद झाला; पण त्यात अश्विनीचं ओगराळं होतं, हे तिला विसरता येईना.

शिरका तयार व्हायला उन्हाळा उजाडला. मालनबाईने त्यात मिरच्या मुरवल्या आणि बशीत काढून सासूपुढे ठेवल्या. रतनबाईंनी एक चाखली, डोळे मिटले.

"अश्विनीचाच ना ह्यो?"

मालनबाई तोंड उघडणार, इतक्यात अश्विनी म्हणाली, "न्हाई आत्याबाई. आक्कांचा हाय."

"व्हय?" रतनबाईंनी आणखी एक मिरची उचलली. "धाकलीपरीस झनका हाय गं."

ऐकायला आसुसलेलं वाक्य अखेर कानावर पडलं होतं. पण अश्विनी गप्प बसली असती तर बरं झालं असतं, असं मालनबाईला वाटून गेलं. तिच्यावर राग धरायला तेवढं तरी उरलं असतं. तिने बशी जावेपुढे सरकवली.

"घे, तू बी खा."