नाकमावशी आणि मधलं दार

तर पातेलं घासून, उंबऱ्यावर पालथं घालून नाकमावशी आपल्या घरी निघून गेली, इथपर्यंत काल आलो होतो. काल जे नव्हते त्यांनी एवढंच ध्यानात घ्यावं की पातेलं दुसऱ्याचं, उंबरा दुसऱ्याचा, आणि त्या घरात तिला कुणी बोलावलेलं नव्हतं.

तिला नाकमावशी का म्हणायचे, ते आधी सांगायला हवं. ती धुलाईच्या कारखान्यात होती. हॉटेलांच्या चादरी, दवाखान्यांचे अभ्रे, सगळं तिथं यायचं आणि इस्त्रीच्या तापलेल्या मोठ्या रुळाखालून सरकत जायचं. चादर कुठं अडकली की करपलीच. डोळ्याला डाग दिसेपर्यंत उशीर झालेला असतो, नाकाला आधी कळतं. त्या रुळापाशी जन्म काढून तिचं नाक असं तिखट झालं होतं की जुन्या इमारतीत तळाशी उभी राहून ती सांगायची, "वरच्या मास्तरांची डाळ लागली. म्हणजे बाई घरात नाहीत."

मास्तर वरून ओरडायचे, "मावशी, नाक आवर."

"तुम्ही आधी गॅस आवरा."

ती जुनी इमारत सरकारी, भाड्याची. कठडे हलायचे, भिंतींचे पोपडे जेवणाच्या ताटात पडायचे, सगळं खरं. पण प्रत्येक मजल्यावर एक लांब व्हरांडा होता आणि सगळ्यांची दारं त्यात उघडायची, कुलूप कुणी लावायचं नाही. माणसं पाळीची कामं करणारी, कोण कधी घरी येईल नेम नाही. त्यामुळे आपसूक एक रीत पडली होती. कुणाच्या घरातून करपल्याचा वास आला, की ज्याच्या नाकाला आधी लागेल त्यानं आत जायचं, गॅस बंद करायचा, खिडक्या उघडायच्या, भांडं घासायचं आणि उंबऱ्यावर पालथं ठेवायचं. घरची माणसं परतली की समजायची, कुणीतरी येऊन गेलं, घर शाबूत आहे. कोण आलं होतं ते विचारत बसायचं नाही, आभार तर नाहीच नाही. उद्या आपणही चूल विसरणार आहोत हे ज्याला त्याला ठाऊक होतं.

मग एक दिवस घरखात्याचे साहेब आले. इमारत पाडणार, तिथंच नवं संकुल उभारणार, भाड्याचे आणि विकत घेणारे, गरीब आणि पैसेवाले, सगळे एकत्र नांदणार. पडद्यावर चित्र दाखवलं. बाकावर एक म्हातारी, शेजारी कोटातला माणूस, दोघं दात काढून हसताहेत. नाकमावशीनं विचारलं, "ही बाई कुठल्या मजल्यावरची?"

साहेब म्हणाले, "कुठल्याही, आजी. तेच तर आम्हाला हवंय."

हे तिला फार आवडलं. सही करायला ती सगळ्यांच्या पुढे उभी होती, आणि ते आठवलं की पुढे कित्येकदा तिच्या तळपायाची आग मस्तकात जायची. शहराच्या टोकाला पत्र्याच्या खोल्यांत सगळ्यांना नेऊन टाकलं. मास्तर तिथंच वारले. काही जण कंटाळून लेकाकडे, भावाकडे निघून गेले. नाकमावशी मात्र चिकटून राहिली आणि सुनेला घेऊन परत आली. लेक मालट्रकवर, तो घरी यायचा तो पाहुण्यासारखा.

नवी इमारत बाहेरून एक होती, एकाच रंगाची, बघत राहावी अशी. आत गेल्यावर कळायचं की व्हरांडा मधोमध कापलाय. मध्ये लोखंडी दार. दाराच्या अलीकडे भाड्याचे, पलीकडे विकत घेतलेले. त्यांचं फाटक पुढे, कारंज्यासमोर. ह्यांचं मागे, कचऱ्याच्या खोलीला लागून. सगळ्या इमारतीत ज्या बाईचं नाक तिखट, नेमकी तिच्या स्वयंपाकघराची खिडकी कचऱ्यावर. "एकत्र नांदायचं म्हणाले होते ना," ती सुनेला म्हणायची, "नांदतोय की. त्यांच्या कचऱ्याशी."

सून बिचारी घाबरट. "आई, हळू बोला. पहिलं वर्ष कच्चं आहे. दोन तक्रारी झाल्या की घर गेलं." एक तक्रार आधीच झाली होती, गॅलरीत चादर वाळत घातली म्हणून. चादरी वाळवण्यात जिचा जन्म गेला तिच्यावर ही तक्रार. त्या रात्री नाकमावशीला जेवण गेलं नाही.

आता त्या दुपारकडे येऊ. सून घरीच होती. व्हरांड्यात उभी असताना तिला दूध लागल्याचा वास आला. मधल्या दाराच्या फटीतून येत होता. थोड्या वेळानं दुधाचा वास मागे पडला आणि गॅसचा पुढे आला. दूध उतू जाऊन चूल विझली होती, हे तिला कुणी सांगायची गरज नव्हती.

मधल्या दाराला एक लाल दांडा होता. ढकलला की दार उघडायचं, पण भोंगा वाजायचा. तिनं दांड्यावर हात ठेवला आणि सुनेनं तिचा दुसरा हात धरला.

"आई, नको. चौकीवर कळवू."

कळवलं. चौकीवरचा म्हणाला, "पलीकडची तक्रार पलीकडच्यांनी करायची, बाई. तुमच्याकडून घेता येत नाही."

नाकमावशीनं दांडा ढकलला. भोंगा असा बोंबलला की खालची कबुतरं उडाली. बँकेत काम करणाऱ्या बाईंचं घर होतं ते, दार नुसतं लोटलेलं. आत त्यांचे सासरे खुर्चीत झोपलेले, कानातलं यंत्र शेजारी काढून ठेवलेलं. तिनं गॅस बंद केला, खिडक्या उघडल्या आणि म्हाताऱ्याला गदागदा हलवलं.

"दूध ठेवून झोपतात का, आजोबा?"

त्यांनी यंत्र कानात घातलं. "तू कोण?"

"पलीकडची."

"पलीकडे कोणी राहतं?"

त्यात खोच नव्हती. त्यांना खरंच माहीत नव्हतं. तिला शिवी चालली असती, हे चाललं नाही. पदर खोचला तिनं. त्याच रागात तिनं पातेलं घासलं, खरवडून खरवडून लखलखीत केलं, आणि जुन्या सवयीनं उंबऱ्यावर पालथं ठेवून निघून आली. हीच तिची चूक. त्या उंबऱ्याला ती रीत कुठं माहीत होती?

बँकवाल्या बाई संध्याकाळी परतल्या तो भोंगा वाजून गेलेला, मधलं दार उघडं, आणि उंबऱ्यावर त्यांचंच पातेलं पालथं. सासऱ्यांनी कानावर हात ठेवले आणि बाईंची बोबडी वळली. कुणीतरी खूण ठेवून गेलं, आता रात्री येणार. कॅमेऱ्यात नाकमावशी दिसली.

खाली सभागृहात बैठक बसली. नाकमावशी सुनेला घेऊन आली. भाडेकऱ्यांतलं तिसरं कुणी आलं नाही. सगळ्यांचंच वर्ष कच्चं होतं. तिनं जे झालं ते सांगितलं, रीतही सांगितली. मागून एक जण म्हणाला, "म्हणजे घराची टेहळणीच की. नाक खुपसायला शिकवतात वाटतं तिकडे."

व्यवस्थापक गोड बोलणारा. तो म्हाताऱ्याकडे वळला. "आजोबा, तुम्ही दूध ठेवलं होतं?"

म्हाताऱ्यानं आपल्या सुनेकडे पाहिलं. बँकवाल्या बाई वाईट नव्हत्या, पण दिवसभर बाहेर, आणि सासऱ्यांना वृद्धाश्रमात ठेवायचं बोलणं घरात चालू होतं. पुढच्या खुर्च्यांवरच्या दोन बायका तेवढ्यात तेच कुजबुजल्या, आणि ते नाकमावशीनं ऐकलं.

"नाही," म्हातारा म्हणाला. "मी गॅसला हात लावत नाही."

नाकमावशीचं पित्त खवळलं. तोंड उघडलं तिनं. म्हातारा खाली बघत गुडघ्यावरचा कपडा चिमटीत धरून बसला होता. तिनं तोंड मिटलं, आणि राग सगळा व्यवस्थापकाकडे वळला.

व्यवस्थापक म्हणाला, "हे पाहा मावशी, आम्हाला कुणाचं घर घालवायचं नाही. एवढंच म्हणा, चूक झाली, पुन्हा त्या दारातून जाणार नाही. विषय संपला. नाहीतर मला ही दुसरी तक्रार धरावी लागेल."

सुनेनं तिची बाही ओढली. "आई, म्हणून टाका ना. तोंडदेखलं म्हणा. कुठं जाणार आपण?"

नाकमावशी उठून उभी राहिली.

"चूक झाली म्हणते. भांडं घासायला नको होतं, करपलेलंच टाकून यायला हवं होतं, म्हणजे दिसलं असतं सगळ्यांना. पण पुन्हा जाणार नाही, हे माझ्याच्यानं म्हणवणार नाही. आजोबा म्हणतात दूध ठेवलं नाही, तर नसेल ठेवलं, मी त्यांना खोटं पाडायला आले नाही. पण उद्या त्या दारापलीकडे गॅसचा वास आला तर मी जाणार, मग भोंगा वाजो नाहीतर बँड वाजो. तुमची ती दुसरी तक्रार आत्ताच लिहून घ्या, साहेब. तेव्हा मला वेळ नसेल."