पायघडीवरचं वंगन

पोराचा हात मी धरला तवर उशीर झालता. पाची बोटं काळी, आनि पायघडीवर पाची बोटं उठलेली, बरोबर मधी, जितं स्वामींचा पाय पडनार तितंच. आनि ते हसत हुतं. अजून एकदा थापटलं त्यानं, थप करून, आनि माज्याकडं बघितलं, आवाज कसा येतोय बघ म्हनून. मी त्याला असं वढलं की दंड लाल झाला, आनि तोंडावर हात दाबला. रडू नको रं, रडू नको बाळा, आत्याबाई येतील.

आत्याबाई म्हंजी माजी सासू. देवळाला गेलत्या, येताना फुलं घिऊन येनार हुत्या. आमी लिंगायत. आमच्यात गुरू घरी आले की दारापासनं देवघरापतोर पांढरी पायघडी हांतरत्यात, तिच्यावरनं ते आत येत्यात, मग पाय धुवून पूजा. ही पायघडी सासऱ्यांच्या हातची, सासरे गेल्यापासनं आत्याबाई ती पेटीत ठिवायच्या, दुसऱ्या कुनाला हात लावू द्यायच्या न्हाईत. त्या दिशी सकाळीच हांतरलेली.

आनि मालकांनी, म्हंजी माज्या नवऱ्यानं, सकाळीच सायकल दारालगतच्या सोप्यात उलटी करून चेनला वंगन लावलं, आनि टांगा दारात आला तशी सायकल तशीच टाकून टेसनावर गेले स्वामींना आनायला. "आल्यावर पुसतो," म्हनले. मी आत पुरन वाटत हुते. पोरगं रांगत गेलं, चेन धरली, आनि तितनं सरळ पायघडीवर.

तुमी म्हनाल, कापडच हाय की, येवडं काय भ्यायचं. पन मागं एकदा सनाच्या दिशी माज्या हातनं दूध उतू गेलतं, तवा आत्याबाई म्हनल्या हुत्या, "पुन्ना असलं काय केलंस तर मैंदर्गीला, तुज्या म्हायेरी धाडीन. पोरगं हितंच ऱ्हाईल. आमच्या वंशाचं हाय ते." ती नुसती धमकी न्हवती. माज्या चुलत जावंला अशीच धाडली. तिची लेक आता आत्याबाईलाच आई म्हनती, खरी आई कोन तिला ठावंच न्हाय.

म्हनून आत्याबाई यायच्या आत डाग काढायचाच हुता.

पैल्यांदा मी येड्यावानी पानीच वतलं. साबन घासला. बोटाएवडं हुतं ते पंज्याएवडं झालं, काळं पानी सुतात पळाया लागलं, जितं पुसंल तितं पसरायला लागलं. मी रडायलाच लागले. मागच्या भिताडापलीकडं तेलंगी मागवाल्यांचं, कापड इननाऱ्यांचं घर, तितली बाई भितीवरनं वाकून बघाय लागली.

"काय गं अक्का, कोन मेलं?"

"वंगन लागलं वं, सायकलीचं. पायघडीला."

"आनि पानी घालतीस? बरी हाईस. राकेल लाव की. खालनं फडकं धर, वरनं राकेल, मग कायतरी पांढरं कोरडं टाक, ते सगळं पिऊन घेतंय. आमच्या मागावर रोज तेल सांडतंय." आनि हसली. "बिगी बिगी कर. सासू आली तर पायघडीआधी तुलाच आपटून धुतीया बघ."

चिमनीतलं राकेल वतलं. खरंच, वंगन सुटाय लागलं, फडक्यात काळं उतराय लागलं. पोरगं कडंला बसून आपलीच बोटं चोखायला बघतंय, मी त्याचा हात झटकतीया, हिकडं घासतीया, कान दाराकडं. आता पांढरं कोरडं पायजे. पीठ कोठीत, कोठीला कुलूप, किल्ली आत्याबाईच्या कंबरंला. चुलीतली राख काळपट, ती टाकली तर आनिक घान. चुना डबीतला, वला.

देवघरात इभूतीची वडी हुती. पूजेला म्हनून नवी आनलेली. शेनाचीच राख ती, पन चाळून चाळून मऊ केलेली, पांढरीफेक, कपाळाला लावतो ती. त्या घडीला मला ती देवाची दिसलीच न्हाय. नुसती राख दिसली. म्या वडी फोडली, मुठीत चुरली आनि डागावर टाकली, तळव्यानं दाबली. झटकली, परत टाकली. आनि डाग गेला वं. म्हंजी अगदी डोळं लावून बघितलं तर पिवळट सावली, पन काळं न्हाय. मला येवडं बरं वाटलं की पोराचा मुका घेतला, त्याच्या काळ्या हातासकट.

तेवड्यात आत्याबाई आल्या.

दारातच थांबल्या. नाक वर केलं. "वास कसला गं?"

"चिमनी सांडली, आत्याबाई."

"दिवसाढवळ्या चिमनी पेटवून कुनाला हुडकत हुतीस?"

त्या देवघरात गेल्या फुलं ठिवायला. मला ठावं हुतं आता काय इचारनार.

"इभूती कुटं हाय?"

भाईर आल्या. वाकून पायघडीचा वास घेतला, बोटानं पांढरी भुकटी टिपली, बोटाकडं बघितलं. मग माज्या कडंवरनं पोराला घेतलं, त्याची मूठ उघडली. काळी. वरडल्या न्हाईत. वरडल्या असत्या तर बरं झालं असतं. पोराला खांद्यावर घेतलं आनि म्हनल्या, "असं हाय व्हय."

आनि टांगा वाजला.

स्वामी दारात. म्हातारे, पायात खडावा. शेजारपाजारच्या बायका जमलेल्या. आत्याबाईंनी हात जोडले, लई गोड आवाज काढला. "स्वामी, पाय ठिवू नका. आमच्या सूनबाईनं देवाची इभूती चुरून पायघडीची घान काढलीया."

स्वामींनी इचारलं, "कुनाच्या हातनं घान झाली?"

मी मालकांकडं बघितलं. त्यांनी सायकलीकडं बघितलं. सगळं कळलं त्यांना, तोंडावर दिसलं. दोन पावलं सरकले आनि धोतराचा सोगा पसरून सायकलीम्होरं उभे ऱ्हायले, कुनाला दिसू नये म्हनून.

म्या म्हनलं, "माज्या. माजाच हात लागला."

स्वामी हसले. "होगली बिडू, तायी," म्हनले कानडीत, म्हंजी जाऊ दे, सोड, आई. "राख कापडाला लागली की कपाळाला लागली, राखच की." आनि पायघडीवरनं चालत आत गेले. आपल्या झोळीतली इभूती काढली, पूजा झाली. बायका हसल्या. एक म्हनली, "सून तुमची धोबिनीच्या वर हाय की!" आत्याबाईपन हसल्या. पंगतीला मला हाताला धरून बसीवलं, पुरनाची पोळी वाढली, वर तूप. "खा गं, लई राबलीस आज."

आनि मी खाल्ली. येडी मी, पोटभर खाल्ली. मला वाटलं सुटले.

स्वामींचा टांगा वळला, आनि आत आले तर माजं गठुडं बांधून ठिवलेलं. पोरगं आत्याबाईंच्या मांडीवर झोपलेलं.

"स्वामींनी सोडलं. म्या न्हाय. देवाची राख जिला घान पुसायला चालती, तिच्या दुधावर माजा नातू वाढायचा न्हाय."

मी पाय धरले. त्यांनी पाय वढून घेतला, पोर जागं हुईल म्हनून हळूच. "बाकी डाग चांगला काढलास हां," म्हनल्या. "म्हायेरी उपेगी पडंल."

मालक म्हनले, "चार दिस जा. मी समजावतो तिला."

"तुमचंच वंगन हुतं की वं," म्या म्हनलं.

"हळू बोल," म्हनले.

मोटारीच्या अड्ड्यापतोर माजं गठुडं सायकलीला अडकवून चालत आले. मोटारीत माजी चोळी दुधानं भिजली. शेजारची म्हातारी म्हनली, "लेकरू कुटं ठिवलंस गं?" मी खिडकीकडं तोंड केलं.

आता हितं अव्वाकडं, माज्या आईकडं बसून लिवतीया. तिसरीपतोरच शिकले, चुकलं तर चुकलं. दादा सोलापूरला माज्या सासरी जाऊन आला. पोरगं शेळीचं दूध पितंय म्हनं. दादानं हात पसरलं तर आत्याबाईंच्या पदरात तोंड खुपसलं. त्या म्हनल्या, "बघा, कुनाला वळखत न्हाय आता." मालक घरात हुते. भाईर आले न्हाईत.

रोज मनात त्योच दारातला घोळ. ह्यांच्या सायकलीचं वंगन, ह्यांनीच पुसलं न्हाय, असं म्या म्हनलं असतं, तर गुरूंम्होरं नवऱ्याचं नाक कापलं म्हनून त्याच घडीला हाकलली असती. पोराचं नाव म्या घेतलं असतं, तर त्याला जल्मभर अपशकुनी म्हनले असते. "माज्या" म्हनलं, तर पोरगंच गेलं. चौथं काय मला अजून सुचत न्हाय.

तुमी लेकरंवाल्या बाया हाय. दारात गुरू उभे, सासूच्या खांद्यावर तुमचं लेकरू, नवरा धोतर पसरून गप. तुमी काय म्हनला असता? सांगा की. तुमी काय केलं असतं?