वाळू निवळेपर्यंत

खाणीच्या ऑफिसात असताना आमच्या ह्यांना माणसांवर ओरडायची सवय लागली होती. खाणी बंद पडल्या, ऑफिसला कुलूप लागलं, कोल्हापूर-बेळगावकडची माणसं आपापल्या गावी गेली. ओरडणं मात्र घरी आलं. डिचोलीतल्या आमच्या फ्लॅटमध्ये ऐकायला होतं कोण? मी, सासूबाई आणि काचेच्या टाकीतले मासे. मासे सुटले. त्यांना उलट बोलता येत नाही म्हणून त्यांच्यावर ओरडण्यात मजा नव्हती.

टाकी नोकरी चांगली चालली होती तेव्हा घेतलेली. खाऱ्या पाण्याची. गोड्या पाण्यातले मासे कोणीही पाळतो म्हणे, समुद्रातले पाळायला डोकं लागतं. जनेलाजवळच्या मेजावर, खिडकीतल्या उजेडात, तिचा थाट होता: तळाला पांढरीशुभ्र वाळू, थोडे दगड आणि नारिंगी-पांढऱ्या पट्ट्यांचे मासे. पाण्यासाठी हे गाडीत कॅन घालून केरीपर्यंत जात, तिथून फेरीबोटीने पेडणे तालुक्यातल्या तेरेखोलच्या दर्यावर. घरात प्यायचं पाणी भरायला या माणसाने कधी बाल्दीला हात लावला नाही, पण माशांसाठी राज्याच्या टोकाला जायचा!

सासूबाई आमच्याकडे आल्या त्या सासरे गेल्यावर. पेडण्याच्या घरात एकट्या कशा राहणार? येताना त्यांनी पत्र्याच्या पेटीत देव आणले आणि हातात तुळशीची कुंडी. कुंडी गॅलरीत ठेवली. तिचं पाणी खालच्यांच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर ठिबकलं, त्यांनी तक्रार केली, आणि ह्यांनी त्याच दिवशी कुंडी उचलून खाली कंपाउंडमध्ये नेऊन टाकली. सासूबाईंना मुलाचं सगळं चालायचं. मला बोलायला मात्र त्यांना कधी विषय कमी पडला नाही. माझी आमटी पाणचट, माझ्या हाताला चव नाही, माझं माहेर लाटंबार्शाचं, दर्यापासून लांब, म्हणून मला माशातलं काही कळत नाही. आमचं सूत कधी जुळलं नाही, उगाच गोड कशाला बोलू?

खाण बंद झाली त्या वर्षी टाकीतल्या वाळूवर साय धरायला लागली. शेवाळच ते, पण हिरवं नव्हे. जांभळट तपकिरी, वाळूवर चादरीसारखं पसरलेलं, त्यात बारीक बुडबुडे. हे नळी लावून ते ओढून काढत आणि आठवडा जात नाही तोवर ते परत हजर. दिवे बंद ठेवून झाले. टाकीवर काळं कापड घालून झालं. पाणी ढवळायची नवी मोटर बसवली, शेवाळ खाणारे शंख आणून सोडले. शंख मेले, शेवाळ जगलं.

मग गुन्हेगाराचा शोध सुरू झाला. पहिला नंबर अर्थातच माझा. "साबणाचे हात घातलेस काय पाण्यात?" "फरशी पुसताना फिनेल उडवलंस?" भांड्यांच्या बाईवर खापर फोडून तिला काढून टाकलं. ती बिचारी टाकीकडे बघायचीसुद्धा नाही, तिला त्या माशांची भीती वाटायची. ती गेल्यावरही साय आलीच. एके दिवशी जेवताना ह्यांनी ताट बाजूला सारलं आणि जाहीर केलं, "माझी वाळू जो कोणी घाण करतो तो या घरात राहणार नाही. मग तो कोणी का असेना!"

सासूबाई सोलकढी पीत होत्या. वाटी खाली ठेवून म्हणाल्या, "बरोबर आसा. घाण करणाऱ्याक घरात ठेवूचाच नाय." आणि माझ्याकडे बघितलं.

त्यांना कोणी विचारलंच नव्हतं. विचारणार तरी कशाला? देव, जपमाळ आणि जनेलाजवळची खुर्ची, एवढाच त्यांचा संसार.

पुढच्या रविवारी म्हापशाहून ह्यांचे एक ओळखीचे आले. त्यांच्याकडेही अशीच टाकी होती. त्यांनी वाकून वाळू पाहिली, पाणी हुंगलं आणि म्हणाले, "अहो, यात रोज काहीतरी पडतंय. खाणं जास्त होतंय, नाहीतर दुधासारखं काहीतरी."

"दूध मी घालतंय मरे!" सासूबाई खुर्चीतून म्हणाल्या. हौसेने, अगदी पाहुण्यांना कळावं म्हणून. "देवांच्या न्हाणाचा तीर्थ. दूध, साखर, चार अक्षता. तुळस तू काढलंस, मग मी ता खंय सोडू? मोरीत? हो तर तुझो तेरेखोलचो दर्या. हय कोणाचो पाय लागणा नाय."

घरात त्यांनी एवढी चिडचिड पाहिली, बाई जाताना पाहिली, माझा पाणउतारा पाहिला. पण आपलं तीर्थ आणि ती घाण यांचा काही संबंध असेल हे त्यांच्या मनातही आलं नाही. तीर्थाने कधी घाण होते काय?

पाहुणे खो-खो हसले. "म्हणजे तुमचे मासे सोवळ्यातले म्हणा की!" मलाही हसू आलं, आवरलं नाही. आमचे हे हसले नाहीत. त्यांचा चेहरा असा झाला की पाहुण्यांनी चहा अर्धाच ठेवला.

दुसऱ्या दिवशी ह्यांनी आईला सांगितलं, "थोडे दिवस दादाकडे वास्कोला जा. वाळू निवळेपर्यंत."

मी म्हटलं, "आता कळलं ना त्यांना? घालू नका म्हटलं की घालणार नाहीत. पाठवायचं कशाला?"

"मी शब्द दिलाय."

"शब्द? कोणाला? माशांना?"

मला जे ऐकावं लागलं ते इथे लिहीत नाही. सासूबाईंनी देव पेटीत भरले. बसस्टँडवर ह्यांनी त्यांना वास्कोच्या बसमध्ये बसवलं, कंडक्टरला लक्ष ठेवायला सांगितलं आणि परत आले. सोबत गेले नाहीत, कारण टाकीचं पाणी बदलायचं होतं.

वास्कोला थोरल्या जावेने त्यांची खाट पॅसेजमध्ये घातली आणि देव फ्रिजवर ठेवले. सासूबाई तिथून फोन करायच्या. कोण कसं आहे, काय रांधलं, काही विचारायच्या नाहीत. एकच प्रश्न, "रेव निवळली काय रे?"

वाळू निवळली होती. तीर्थ बंद झालं आणि हळूहळू साय विरत गेली. गणपतीच्या आधीच वाळू अशी पांढरी झाली की हे येणाऱ्या-जाणाऱ्याला हात धरून टाकीपाशी न्यायचे. त्याच टाकीसमोर उभं राहून फोनवर सांगायचे, "नाय गो आई. अजून डाग आसत."

एकदा, दोनदा ऐकून घेतलं. मग माझं डोकं फिरलं. फोन हातातून ओढून घेतला आणि म्हटलं, "आई, खोटं सांगतात हे. वाळू मिठासारखी पांढरी झालीय. उद्या मी न्यायला येते, देव बांधून ठेवा."

 सासूबाई पलीकडून म्हणाल्या, "तुका काय कळता त्यातला? तो म्हणता निवळूक नाय, म्हणजे नाय. तो बोलवीत तेव्हा मी येयन." आणि फोन ठेवला.

मला ह्यांचा राग आला, पण म्हातारीचा त्याहून जास्त आला. अगो, मी न्यायला येते म्हणतेय आणि तुला मुलाचं खोटं गोड! त्यानंतरही त्यांचे फोन येतच राहिले. गणपतीची चवथ झाली, दिवाळी झाली. प्रत्येक वेळी तोच प्रश्न, तेच उत्तर.

थंडीत त्या गेल्या. सकाळी जाऊ चहा घेऊन गेली तर खाटेवर गार. वास्कोच्या बंदरात आपल्या अस्थी टाकू नका, पेडण्याच्या दर्यात सोडा, असं त्यांनी जावेला सांगून ठेवलं होतं. म्हणून आम्ही सगळे तेरेखोलला निघालो. गाडीत सामान ठेवायला मागचं दार उघडलं तर आत रिकामे कॅन.

"आज?" मी विचारलं.

"जातोच आहोत तर. वेगळी फेरी कशाला?"

भटजींनी सांगितलं ते सगळं ह्यांनी नीट केलं. गुडघाभर पाण्यात जाऊन मडकं सोडलं, हात जोडले, डोळेही पुसले. मग ओल्या धोतरानेच थोडं पुढे जाऊन कॅन भरले. थोरले दीर बघत होते. मग पुढे होऊन एक कॅन त्यांनीही उचलून गाडीत ठेवला. फेरीबोटीवर आम्ही सगळे दर्याकडे तोंड करून उभे होतो आणि मागे गाडीत कॅन हिंदकळत होते.

ते पाणी त्याच संध्याकाळी टाकीत पडलं. बाराव्याचं जेवण झालं, पाहुणे गेले, घर रिकामं झालं. आणि एका सकाळी टाकीच्या कोपऱ्यात वाळूवर ती परत दिसली. जांभळट तपकिरी, बारीक बुडबुडे असलेली. दुपारपर्यंत ती दगडापर्यंत पोचली.

या खेपेस ह्यांनी मला हाक मारली नाही. कोणी केलं म्हणून विचारलं नाही. स्टुलावर चढून, कोपरापर्यंत हात पाण्यात घालून ते नळीने साय ओढत बसले होते. मी चहाचा कप मेजावर ठेवला.

"आता कोणाला पाठवताय वास्कोला?" मी विचारलं.