बस नीट पोहोचली, माझं काम गेलं

ग्रुपमधले बरेच जण कंपनीच्या गाड्या चालवतात, म्हणून इथेच लिहितो.

मी दिघीहून निघोज्याला कामगारांची बारा सीटची व्हॅन नेतो. आज सकाळी मोठ्या बसचा ड्रायव्हर आला नाही. ठेकेदार म्हणाला, "तूच ने. लायसन आहे ना?"

"शेठ, माझं हलक्या वाहनाचं आहे. साडेसात हजार किलोपर्यंतच चालतं. ही बस त्याहून जड आहे, हिला हेवीचं लागतं."

"स्टेअरिंग तुझं लायसन वाचतं का रे?"

चाळीस माणसं खोळंबली होती. त्यांत माझा थोरला भाऊही होता. "चालव ना, सगळ्यांची हजेरी जाईल," तो म्हणाला. मी नाहीच म्हणालो.

ठेकेदाराने व्हॅनची चावी काढून घेतली आणि उद्यापासून येऊ नको म्हणाला. फेरी संपवून आलेला दुसरा व्हॅनवाला बसवर चढला. त्याचंही लायसन माझ्यासारखंच.

"दादा, तू तरी उतर," मी भावाच्या खिडकीशी जाऊन म्हणालो.

"तू घरी जाऊन नियम वाचत बस," दादा म्हणाला. बस निघाली.

पाऊण तास मी फोन हातात धरून तिथेच बसलो. मग दादाचा मेसेज आला, "पोहोचलो."

हायसं वाटलं. पण खरं सांगतो, कुठेतरी थोडी निराशाही झाली. काहीतरी बिघडलं असतं, तर मी बरोबर ठरलो असतो. आणि आत माझा सख्खा भाऊ बसला होता.

तुमच्या मनात असं कधी आलंय का?