सात पिढ्यांचं पत्रक

काल हिंजवडीच्या चौकात भाडेकरूंच्या हक्कांची पत्रकं वाटताना आमच्या फलकाची दोरी तुटली. मी ती एका हाताने जोडली आणि कॉलेजातली एक दुपार आठवली.

तेव्हा आयटी कंपन्या आल्या, भाडी वाढली आणि आमच्या गल्लीच्या भिंतीवर कुणीतरी लिहिलं, 'बाहेरच्यांनो, परत जा.' मी चिडून उत्तरादाखल हजार पत्रकं छापली: 'आम्ही सात पिढ्यांचे पुणेकर.' आकडा दादीचा. घरभर ओल्या शाईचा वास होता. गठ्ठे बांधताना माझा दोरा तुटला. दादीने दोन्ही टोकं चिमटीत धरली आणि बघता बघता तांदळाएवढी गाठ तयार झाली.

चहाला आलेले शेजारचे रहीमचाचा मूळचे मालेगावचे. कप खाली ठेवून म्हणाले, "आपा, ही विणकराची गाठ. मालेगावात कुठल्या गल्लीत माग होता तुमचा?"

दादीने उरलेला दोरा गुंडाळून ठेवला. मग म्हणाली, "माग बंद पडले, ट्रकमधून इथे आलो. बाहेरच्यांना कुणी खोली देईना, म्हणून पुणेकर झालो."

"आणि सात पिढ्या?" मी विचारलं.

"घरमालक स्वतःच्या पाच सांगत होता. त्याच्याहून कमी कशा सांगणार?"

"दादी, माझी हजार पत्रकं खोटी ठरली."

"खोटं फक्त 'सात' आहे. पेन आण."

संध्याकाळपर्यंत आम्ही दोघी 'सात' खोडून 'तीन' करत बसलो. मधेच तिने मला ती गाठ शिकवली. तेव्हा मला नुसती लाज वाटत होती. राहायला पिढ्या मोजून दाखवाव्याच का लागतात, हे विचारायचं सुचलंच नाही.

कालच्या पत्रकात पिढ्यांचा आकडा नव्हता. गठ्ठ्यांना गाठ मात्र दादीचीच होती.